झिंक कॉम्प्लेक्स: बनवणं, रचना आणि बॅक्टेरियावरचा परिणाम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दिवाळीची सुट्टी संपली की एमएससीच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात. इचलकरंजी, गडहिंग्लज, कागल, कुठूनकुठून, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. मी इथं कोल्हापुरात राजारामपुरीत इनॉरगॅनिक केमिस्ट्री शिकवते आणि यातल्या बऱ्याच चुका स्वतः करून झाल्यात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. झिंकचं कॉर्डिनेशन कॉम्प्लेक्स म्हणजे नेमकं काय हो?

झिंकच्या आयनाभोवती काही रेणू किंवा आयन आपली इलेक्ट्रॉनची जोडी देऊन बसतात, त्यांना लिगँड म्हणायचं, आणि झिंक आणि ते सगळे मिळून जे तयार होतं ते कॉम्प्लेक्स. आल्फ्रेड वर्नरनं ही कल्पना मांडली, त्याला १९१३ चं नोबेल मिळालं. पण पुस्तकात कशाला शोधता, तुमच्या रक्तातच आहे, कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एंझाइम असतं त्यात झिंकला तीन हिस्टिडीन आणि एक पाणी धरून बसलेलं असतं. बाथरूममध्येही सापडेल, कोंड्याच्या शॅम्पूच्या बाटलीवर झिंक पायरिथिऑन लिहिलेलं असतं ते पक्कं कॉर्डिनेशन कॉम्प्लेक्स आहे. त्याची गंमत अशी की ते बुरशीच्या पेशीत तांबं वाढवून काम करतं, म्हणजे नाव झिंकचं आणि मार तांब्याचा. युरोपियन युनियननं मार्च २०२२ पासून ते कॉस्मेटिकमध्ये बंद केलंय.

२. यशद भस्म, कॅलामाइन, उद्यमनगरातला गॅल्व्हनाइज्ड पत्रा, हे पण कॉम्प्लेक्सच ना?

नाही. पत्र्यावर झिंक धातूचा थर असतो. यशद भस्म आणि कॅलामाइनमध्ये मुख्यतः झिंक ऑक्साइड असतं, त्यात लिगँड वेगळा ओळखता येत नाही. जुलाबाला ओआरएसबरोबर देतात ती झिंकची गोळी (सहा महिन्यांवरच्या बाळाला २० मिग्रॅ रोज, १० ते १४ दिवस) तीही साधं मीठ. ती पोटात जंतू मारायला देत नाहीत, झिंकची कमतरता भरायला आणि आतड्याचं अस्तर सावरायला देतात, त्यामुळं प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत "झिंक जुलाबावर चालतं म्हणून अँटिबॅक्टेरियल" असं लिहू नका.

३. कॉपर, निकेल, कोबाल्टची कॉम्प्लेक्स रंगीत असतात, मग झिंक का घ्यायचं?

झिंक-टूमध्ये डी ऑर्बिटल दहाच्या दहा इलेक्ट्रॉननं भरलेली असतात, त्यामुळं डी-डी ट्रान्झिशन (रंग देणारी इलेक्ट्रॉनची उडी) नाही, आणि जो काही पिवळेपणा दिसतो तो लिगँडचा. तोटा हा की यूव्ही-व्हिजिबलवरून भूमिती सांगता येत नाही आणि मॅग्नेटिक मोमेंटही मोजायचा नसतो, तो शून्यच. फायदा मात्र लई मोठा, डायमॅग्नेटिक (एकही सुटा इलेक्ट्रॉन नसलेलं) असल्यामुळं एनएमआर (रेणूतले प्रोटॉन दाखवणारी चाचणी) स्वच्छ, बारीक रेषांचा येतो, तो कॉपरवाल्यांना मिळत नाही. शिवाय झिंक दोनचं तीन होत नाही, म्हणजे बॅक्टेरियाच्या प्लेटवर काही घडलं तर "धातूनं ऑक्सिजन रॅडिकल बनवले" हे कारण देऊन सुटता येत नाही, नीट विचार करावाच लागतो. मला स्वतःला झिंक आवडतं ते यासाठीच.

४. सोप्यात सोपी पद्धत ग्रॅममध्ये सांगा की.

सॅलेन घ्या. हा शिफ बेस आहे (अल्डिहाइड आणि अमाइन जोडून होणारा इमाइन, म्हणजे कार्बन-डबल-बाँड-नायट्रोजनवाला रेणू), ह्युगो शिफनं हा प्रकार १८६४ मध्ये दाखवला. आधी लिगँड: २५ मिली इथेनॉलमध्ये सॅलिसिलाल्डिहाइड २.४४ ग्रॅम, त्यात इथिलिनडायअमाइन ०.६० ग्रॅम थोड्या इथेनॉलमध्ये घालून थेंबथेंब सोडा, फ्यूम हूडमध्ये. दोन-चार मिनिटांतच अभ्रकासारखे चकचकीत पिवळे पापुद्रे तरंगायला लागतात, ते बघायला लई भारी वाटतं. अर्धा तास रिफ्लक्स (वाफ थंड होऊन परत आत पडेल असं उकळत ठेवणं), थंड करा, गाळा, इथेनॉलमधून रीक्रिस्टलाइज करा. वितळणबिंदू १२५ ते १२८ डिग्रीच्या दरम्यान आला पाहिजे, खाली आला आणि पसरट आला तर पुढं जाऊ नका, कारण खराब लिगँडपासून चांगलं कॉम्प्लेक्स कधीच होत नाही.

मग कॉम्प्लेक्स: लिगँड ०.२६८ ग्रॅम (१ मिलिमोल) २० मिली गरम मिथेनॉलमध्ये, झिंक ॲसिटेट डायहायड्रेट ०.२२ ग्रॅम (तेही १ मिलिमोल) १० मिली मिथेनॉलमध्ये, दुसरं पहिल्यात हळूहळू, दोन-तीन तास रिफ्लक्स. फिकट पिवळी पावडर बसते. गरम असतानाच गाळा, गरम मिथेनॉलनं तीन वेळा धुवा (तीन म्हणजे तीनच, का ते प्रश्न १२ मध्ये), शेवटी ईथर, मग डेसिकेटरमध्ये. पाण्याशिवायच्या कॉम्प्लेक्सचं रेण्वीय वजन ३३१.७, म्हणजे शंभर टक्के यिल्ड ०.३३२ ग्रॅम. कुणी ०.३६ ग्रॅम आणून "एकशे आठ टक्के आलं मॅडम" म्हणालं की मी आधी विचारते, वाळवलं किती वेळ?

५. ॲसिटेटच का? आमच्या लॅबला झिंक क्लोराइड आहे, सिनियरकडं परक्लोरेटपण आहे.

ॲसिटेट स्वतःच थोडा बेस आहे, फिनॉलचा प्रोटॉन तोच काढून घेतो, वेगळा बेस लागत नाही. क्लोराइड चालतं पण ते हवेतलं पाणी ओढतं, कोल्हापुरात जुलैत बाटलीचं झाकण दहा मिनिटं उघडं राहिलं तर आत चिखल होतो, मग वजन चुकतं आणि प्रमाण बिघडतं. त्यातून क्लोराइड झिंकला चिकटूनही राहतो. परक्लोरेटला हात लावू नका, ऑरगॅनिक लिगँडबरोबरची परक्लोरेट मिठं वाळल्यावर घासली किंवा तापवली तर स्फोट होऊ शकतो, प्रोजेक्टच्या मार्कांसाठी डोळे घालवायचे नाहीत.

६. पावडरऐवजी काकवीसारखं चिकट काहीतरी आलंय, आणि मैत्रिणीचं पांढरंफटक आलंय.

चिकट म्हणजे बहुतेक लिगँड अशुद्ध किंवा सॉल्व्हंट उरलाय. थंड ईथर किंवा हेक्झेन घालून काचेच्या कांडीनं घासत राहा, अर्ध्या वेळा तरी घट्ट होतं. पांढरंफटक आलं तर मैत्रिणीनं वरून बेस जास्त घातलाय, ते झिंक हायड्रॉक्साइड. ट्रायइथिलअमाइन घालायचंच असेल तर दोन-चार थेंब, आणि पीएच पेपर जवळ ठेवून. आणखी एक, इथिलिनडायअमाइनची जुनी बाटली हवेतला कार्बन डायऑक्साइड खाते आणि तोंडाशी पांढरा थर धरते, तो खरवडून वापरू नका.

७. कॉम्प्लेक्स झालं की लिगँड तसाच राहिला, कसं ओळखायचं?

पहिली झलक फुकटात मिळते: टीएलसीचा (सिलिकाच्या पट्टीवर ठिपके वेगळे करायची पद्धत) यूव्ही दिवा, ३६५ नॅनोमीटर. अंधारात लिगँड आणि कॉम्प्लेक्सचं पातळ द्रावण शेजारी धरा, लिगँड मंद दिसतो आणि झिंकवालं निळं उजळतं, कारण झिंकनं पकडल्यावर रेणू ताठ होतो आणि ऊर्जा हालचालीत वाया जात नाही. हा पुरावा नव्हे, नुसता इशारा.

पुरावा आयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम, पुढचे आकडे प्रति सेंटिमीटरमध्ये). लिगँडचा सी-डबल-बाँड-एन १६३५ च्या आसपास असतो, नायट्रोजननं झिंक धरला की तो १० ते २५ नं खाली येतो. २५०० ते २८०० मधला हायड्रोजन बाँडवाल्या ओएचचा पसरट डोंगर जातो, सी-ओ थोडा वर चढतो, आणि ४०० ते ६०० मध्ये झिंक-नायट्रोजन, झिंक-ऑक्सिजनच्या छोट्या रेषा येतात. त्या छोट्या रेषांवर जास्त भरवसा ठेवू नका, तिथं लिगँडचीही गर्दी असते. आणि ३४०० ला नवा पसरट पट्टा दिसला तर ते पाणी, ओएच परत आला असं लिहू नका.

एनएमआर केलाच तर १३ पीपीएमच्या वरचा फिनॉलचा प्रोटॉन गायब झालेला दिसला पाहिजे. १.८ च्या आसपास तीन प्रोटॉनची एकेरी रेष उभी दिसली तर ॲसिटेट अजून आत आहे, परत धुवा.

टीएलसीनं शुद्धता बघायला गेलात तर सिलिका थोडी आम्लधर्मी असते, त्यावर झिंक सुटून लिगँडचा ठिपका दिसू शकतो, मग उगाच "कॉम्प्लेक्स अशुद्ध आहे" असं वाटतं.

८. सीएचएन ॲनालिसिसला (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचे टक्के काढणं) पैसे नाहीत, झिंक किती आहे ते कॉलेजात काढता येईल?

येतं, आणि हे सगळ्यांनी करावंच. ०.१ ग्रॅम कॉम्प्लेक्स अचूक वजन करून तीव्र नायट्रिक आम्लात हूडमध्ये तापवा, लिगँड जळून द्रावण स्वच्छ होईपर्यंत, जवळपास कोरडं करा, पाण्यात घ्या, न्यूट्रल करून पीएच १० चं अमोनिया बफर घाला, एरिओक्रोम ब्लॅक टी (रंग बदलणारा इंडिकेटर) टाका आणि ०.०१ मोलर ईडीटीएनं (धातू पकडून ठेवणारं रसायन) टायट्रेट करा. वाइनसारखा लाल रंग आधी जांभळट होतो, तिथं बरेच जण थांबतात, थांबू नका, लालीचा शेवटचा अंश जाऊन स्वच्छ निळा झाला की रीडिंग घ्या. १ मिली ईडीटीए म्हणजे ०.६५४ मिग्रॅ झिंक. पाणी नसलेल्या झिंक सॅलेनमध्ये १९.७ टक्के झिंक, म्हणजे साधारण ३०.१ मिली लागले पाहिजेत. एक पाणी जोडलेलं असेल तर १८.७ टक्के, साडेअठ्ठावीस मिली. दीड मिलीचा फरक ब्युरेटवर डोळ्यांनी दिसतो. डिस्टिल्ड वॉटरच वापरा बरं का, बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पण ईडीटीए खातं.

९. थिसिसमध्ये "स्क्वेअर प्लॅनर झिंक" लिहिलंय, चालेल का?

मी तरी चालू देणार नाही. झिंकला भूमितीची स्वतःची आवड फारशी नसते, भरलेल्या डी ऑर्बिटलमुळं क्रिस्टल फील्डचा नफा-तोटा शून्य, लिगँड जसे बसवतील तसा बसतो. मोकळा सोडला की चार लिगँडना टेट्राहेड्रल. सॅलेन मात्र दोन नायट्रोजन दोन ऑक्सिजन जवळपास एकाच पातळीत धरायला लावतो, मग झिंक त्या पातळीतून वर उचलला जातो आणि पाचवा सोबती शोधतो: पाणी, पिरिडीन, नाहीतर शेजारच्या रेणूचा फिनॉक्सी ऑक्सिजन, आणि त्यातून जोडी जमते. म्हणून स्क्वेअर पिरॅमिड.

पाच सोबत्यांसाठी टाऊ-फाइव्ह काढतात: सगळ्यात मोठा कोन वजा दुसरा मोठा कोन, भागिले ६०. शून्य म्हणजे शुद्ध स्क्वेअर पिरॅमिड, एक म्हणजे ट्रायगोनल बायपिरॅमिड. समजा कोन १६५ आणि १५० डिग्री आले, तर ०.२५, म्हणजे थोडं वाकलेलं स्क्वेअर पिरॅमिड. हे कोन क्रिस्टलमधूनच येतात, आयआरवरून नाही.

१०. क्रिस्टल येतच नाहीत, पावडर एक्सआरडी किंवा डीएफटीवर भागेल का?

पावडर एक्सआरडी (पावडरवर क्ष-किरण टाकून काढलेला आलेख) सांगतो की नमुना स्फटिकी आहे की नाही आणि सुरुवातीच्या लिगँडपेक्षा वेगळा आहे का. शेररचं सूत्र (त्या आलेखातल्या रेषांच्या रुंदीवरून दाण्याचा आकार काढणारं) लावून "आमचं कॉम्प्लेक्स नॅनो आहे" असं लिहितात ते मला पटत नाही, ते दाण्याचं मोजमाप आहे, रेणूचं नाही. डीएफटीनं (कॉम्प्युटरवरच्या गणितानं) काढलेलं चित्र हे तुम्ही दिलेल्या सुरुवातीच्या रचनेचंच नीटनेटकं रूप असतं, चुकीची रचना दिली तरी सुंदर चित्र येतं. दोन्ही जोडा, पण रचना "प्रस्तावित" असंच लिहा.

क्रिस्टलसाठी: गरम डीएमएफमध्ये (हा एक सॉल्व्हंट) कॉम्प्लेक्स विरघळवून छोटी कुपी मोठ्या बाटलीत ठेवा, मोठ्या बाटलीत ईथर, झाकण बंद, आणि कुठंतरी कोपऱ्यात जिथं दार आपटत नाही, पंखा नाही. रोज उचलून बघायचं नाही. पावसाळ्यात नुसत्या इव्हॅपोरेशननं जमत नाही, हवा इतकी ओली असते की मिथेनॉल उडण्याऐवजी पाणीच आत येतं. ०.२ मिमीचा स्वच्छ कडांचा एक तुकडा मिळाला तरी पुरतो. मोठ्या उपकरणांसाठी आपल्या शिवाजी विद्यापीठाचं सैफ-सीएफसी (उपकरणांचं केंद्र) आहे, तिथं आधी विचारून नमुना द्या.

११. बॅक्टेरियाची टेस्ट कुठल्या जंतूंवर आणि कशी?

कमीत कमी एक 'ग्रॅम पॉझिटिव्ह' आणि एक 'ग्रॅम निगेटिव्ह' जंतू (इथं ग्रॅम हे वजन नव्हे, पेशीभिंतीचा प्रकार ओळखायच्या रंग-चाचणीचं नाव): स्टॅफिलोकोकस ऑरियस एटीसीसी २५९२३ आणि ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (एटीसीसी म्हणजे प्रमाणित जातीचा नंबर). कल्चर पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएमकडून किंवा चंदीगडच्या एमटीसीसीकडून (दोन्ही जंतूंचे संग्रह) मिळतात. मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये, त्यांच्या माणसाच्या देखरेखीखाली करा, केमिस्ट्रीच्या टेबलावर नको.

म्युलर-हिंटन अगार (जंतू वाढवायचं खाद्य) ४ मिमी जाड, जंतूंचं द्रावण ०.५ मॅकफारलँड, म्हणजे मिलीला साधारण १५ कोटी. स्वॅब तीन दिशांनी फिरवा, नमुना लावलेल्या ६ मिमीच्या डिस्क ठेवा, ३५ डिग्रीला १६ ते १८ तास. झोन (डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) डिस्कसकट मोजतात, म्हणजे ६ मिमी आला तर शून्य. प्रत्येक टेस्ट तीनदा. रात्री लाईट गेली आणि इनक्युबेटर थंड पडला तर ती बॅच टाकून द्या, तसल्या रीडिंगची सरासरी काढायची नाही. वापरलेल्या प्लेटा १२१ डिग्रीला ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय कचऱ्यात जात नाहीत.

१२. कंट्रोल (तुलनेसाठीच्या डिस्क) किती ठेवायचे? गाइड म्हणतात एक अँटिबायोटिक बास.

बास नाही. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

माझ्या एमएससीच्या वेळी स्टॅफवर १७ मिमीचा झोन आला होता, मी प्लेटचा फोटो सगळ्या हॉस्टेलला दाखवला. एका सिनियर ताईनं एवढंच विचारलं, "नुसतं झिंक ॲसिटेट ठेवलंस का गं?" ठेवलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात ठेवलं, त्याचा आला १६. मग माझी पावडर परत गरम मिथेनॉलनं तीनदा धुतली, वाळवली, परत टेस्ट केली, ११. म्हणजे माझ्या त्या झोनमधला बराचसा भाग न धुतलेल्या मिठाचा होता, रेणूचा नव्हता. रडू आलं होतं, पण ती प्लेट मी अजून विसरले नाही.

तर कंट्रोल असे: डीएमएसओ (कॉम्प्लेक्स ज्यात विरघळवतो तो सॉल्व्हंट) एकटं, लिगँड एकटा, झिंक ॲसिटेट एकटं, लिगँड आणि झिंक ॲसिटेट आयत्या वेळी मिसळून, सॅलिसिलाल्डिहाइड एकटं (का ते प्रश्न १५), आणि अँटिबायोटिक. ग्रॅमला ग्रॅम नको, मोलला मोल जुळवा. १०० मायक्रोग्राम कॉम्प्लेक्समध्ये जितका झिंक आहे तितका ६६ मायक्रोग्राम झिंक ॲसिटेट डायहायड्रेटमध्ये असतो, तेवढंच ठेवा. दोघांची १०० ठेवली तर तुलना मिठाच्या बाजूनं झुकते.

१३. माझा झोन १८ आणि दुसऱ्या कॉम्प्लेक्सचा १४, म्हणजे माझं जास्त स्ट्रॉंग ना?

असं म्हणता येत नाही. झोन हा रेणू अगारमधून किती पसरतो यावरही ठरतो, जड आणि पाण्यात न विरघळणारा रेणू जागेवरच बसतो आणि चांगला असूनही छोटा झोन देतो. तुलना करायची तर एमआयसी (वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण) काढा: ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये दुपटीनं पातळ करत जायचं, प्रत्येक खड्ड्यात मिलीला ५ लाख जंतू, डीएमएसओ एक टक्क्याच्या आसपास, आणि जिथं वाढ थांबली ते मूल्य.

मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन (सिप्रो) या अँटिबायोटिकशी ताडून बघा. योगायोग बघा, सिप्रोचं रेण्वीय वजन ३३१.३ आणि झिंक सॅलेनचं ३३१.७, म्हणजे इथं मायक्रोग्रामची तुलना जवळपास मोलचीच होते. ई. कोलाय २५९२२ वर सिप्रोचा एमआयसी ०.००४ ते ०.०१६ मायक्रोग्राम प्रति मिली. तुमचा ६२.५ आला तर तो सिप्रोपेक्षा हजारो पटींनी कमजोर आहे. हे लिहायला लाजू नका, "स्टँडर्ड औषधाच्या तोडीचं" असं लिहून व्हायवात अडकण्यापेक्षा बरं.

१४. ई. कोलायवर काहीच होत नाही, स्टॅफवर होतं. आणि ती ट्वीडीची चीलेशन थिअरी लिहू का?

ग्रॅम निगेटिव्हला बाहेरून आणखी एक पटल असतं, लिपोपॉलिसॅकराइडचं, त्यातून तेलकट मोठे रेणू सहज जात नाहीत, आणि आत गेलेले बाहेर फेकणारे पंप असतात. फरक पडणं अपेक्षितच आहे.

चीलेशन थिअरी म्हणते की धातूचा धन भार लिगँडमध्ये वाटला जातो, रेणू कमी ध्रुवीय होतो, म्हणून पटलातून आत शिरतो. कल्पना चांगली आहे पण प्रत्येक डिझर्टेशनमध्ये तोच परिच्छेद जसाच्या तसा चिकटवलेला असतो आणि मोजमाप काहीच नसतं. निदान ऑक्टॅनॉल-पाण्यातलं वाटप (रेणू तेलकट थरात किती जातो आणि पाण्यात किती) तरी मोजा, मग लिहा.

१५. डीएमएसओमध्ये विरघळवल्यावर तोच रेणू राहतो का?

नेमका प्रश्न. नेहमीच नाही. झिंकचे सोबती पटापट बदलतात, पाचव्या जागेवरचं पाणी जाऊन डीएमएसओ बसतं, जोडी सुटते. पुढं म्युलर-हिंटनमध्ये तर अमिनो आम्लं आणि फॉस्फेट भरलेलं असतं, हिस्टिडीन, सिस्टीन झिंकला ओढून घेतात. इमाइनचा बंध पाण्यात तुटून सॅलिसिलाल्डिहाइड सुटू शकतं, आणि ते स्वतः जंतूंना त्रासदायक आहे, म्हणून त्याचा कंट्रोल. तपासायला सोपं: डीएमएसओतल्या द्रावणाचा यूव्ही लगेच, मग एक टक्का डीएमएसओच्या पाण्यात एक तासानं आणि चोवीस तासांनी घ्या. ३५० नॅनोमीटरच्या आसपासचा पट्टा खाली बसत गेला तर प्लेटवर तुमचा क्रिस्टलमधला रेणू शिल्लक नाही, आणि क्रिस्टलची रचना दाखवून झोनचं कारण सांगता येणार नाही.

१६. एनडीएम नावाच्या एंझाइममध्येच झिंक असतं म्हणे, मग झिंक देऊन आपण जंतूला मदत तर करत नाही?

शंका योग्य आहे. एनडीएम-१ च्या गाभ्यात दोन झिंक असतात, त्यांच्या जोरावर ते कार्बापेनेमसारखी अँटिबायोटिक औषधं फोडतं. त्याचा झिंक ईडीटीएनं ओढून घेतला की ते थंडावतं, लॅबमध्ये असे जंतू ओळखायला हीच युक्ती वापरतात. आपलं शरीरही झिंक देऊन लढत नाही, पांढऱ्या पेशी कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन सोडून जंतूजवळचा झिंक उलट काढून घेतात. म्हणजे झिंक कमी झाला तरी जंतू अडतो आणि फार झाला तरी अडतो. तुमचं कॉम्प्लेक्स झिंक देतंय की मोकळा लिगँड झिंक काढून घेतोय, हे प्रश्न १२ मधले लिगँडचे आणि मिठाचे कंट्रोल शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. दवाखान्यातून आणलेले रेझिस्टंट जंतू मात्र कॉलेजच्या लॅबमध्ये वाढवू नका.

१७. काहीच झोन आला नाही मॅडम, प्रोजेक्ट गेला का?

नाही गेला. आधी सिप्रोचा झोन बघा, स्टॅफ २५९२३ वर ५ मायक्रोग्रामच्या डिस्कचा २२ ते ३० मिमीमध्ये असला पाहिजे, तो बरोबर असेल तर तुमची प्लेट खरं बोलतेय. मग कॉम्प्लेक्स डिस्कवरच साका होऊन बसलंय का ते भिंगातून बघा, पांढरट पिवळी कड दिसली तर ते पसरलंच नाही, एमआयसी करून बघा. तरीही शून्य आलं तर टेबलात "क्रिया आढळली नाही" लिहा, शेजारी सगळ्या कंट्रोलचे आकडे द्या, आणि प्लेटचा फोटो लावा, एक्स्टर्नल तो आधी बघतात.